देवळाचा दगड धुताना

(मंदिर विश्वस्त व जीर्णोद्धार समित्यांचे कार्यकर्ते यांच्यासाठी झालेल्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते गेली तीस वर्षे जुन्या दगडी वास्तूंच्या स्वच्छतेचे व दुरुस्तीचे काम करीत आहेत.)



आज सकाळी चहाच्या वेळी एका समितीच्या तरुण चिटणीसांनी माझ्या हाती एक दरपत्रक ठेवले. त्यांच्या गावचे शिवालय काळ्या पाषाणाचे, यादवकालीन. त्यावर गेल्या चाळीस वर्षांत तीन वेळा तैलरंग चढला आहे. खांब निळे, कीर्तिमुखे पिवळी आणि नंदी पांढराशुभ्र. आता नव्या पिढीला मूळ दगड पाहावासा वाटतो, ही आनंदाची गोष्ट आहे. दरपत्रकात काम सोपे करून दाखवले आहे : कॉम्प्रेसर लावून वाळूचा मारा करायचा, आठ दिवसांत देऊळ स्वच्छ, महाशिवरात्रीच्या आत काम पूर्ण. चिटणीस म्हणाले, “काका, आपण एकदा पाहून हो म्हणा, म्हणजे सभेत ठराव करतो.” मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आहे. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्यावाचून तुम्हाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

१९९६ सालची गोष्ट. मी या क्षेत्रात नवखा होतो. गोदाकाठच्या एका लहान गावातील देवळाचे काम मिळाले होते. सभामंडपाच्या तुळईवर चुन्याचे जाड थर बसलेले होते. चुन्याखाली काहीतरी कोरीव आहे एवढे दिसत होते. उत्सव तोंडावर आला होता आणि गावकरी रोज विचारत होते. मी हातयंत्राला तारेचा ब्रश लावला आणि एका दुपारी ती तुळई लख्ख करून टाकली. गावाने माझे कौतुक केले, नारळ दिला. चार महिन्यांनी जिल्ह्याच्या गावचे एक वृद्ध गुरुजी तेथे आले. आयुष्यभर त्यांनी शिलालेखांचे ठसे घेतले होते. त्यांच्या पिशवीत ओला कागद, शाई आणि कुंचला होता. त्यांनी तुळईवरून नुसता तळहात फिरवला. पहिल्या ओळीत ‘शके’ हा शब्द लागला. त्यापुढे जेथे आकडे असायला हवेत तेथे दगड गुळगुळीत होता. गुरुजींनी माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, “हे कोणी घासले?” मी सांगितले, मी. ते काही बोलले नाहीत, पिशवी आवरून बसची वेळ झाली म्हणून निघून गेले. त्या देवळाचे वर्ष आता कोणालाही कळणार नाही. सात-आठशे वर्षांच्या पावसाने जी अक्षरे पुसली नव्हती, ती मी एका दुपारी पुसली.

तेव्हापासून मी कोणत्याही भिंतीला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारतो. हा दगड कोणता? याच्यावर बसले आहे ते काय? आणि ते काढायलाच हवे का?

प्रथम दगडाविषयी. आपला सह्याद्री आणि दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हाचे बनले आहे. त्यातून निर्माण झालेला हा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कठीण खरा. पण सगळा सारखा नसतो. काही थर भरीव, काहींत पोकळ्या आणि त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेली. ती आजूबाजूच्या दगडापेक्षा मऊ असतात. या पाषाणात लोह आहे. हवा-पाण्याशी संबंध येऊन त्या लोहाचा गंज होतो, म्हणून जुना दगड वरून तपकिरी दिसतो. आपले पाथरवट हे जाणत होते. खाणीतून काढलेल्या चिऱ्यावर टाकीने वाजवून, आवाज ऐकून तो कोठे बसवायचा हे ते ठरवीत. आजही तुम्ही बोटाच्या पेराने दगडावर टकटक करून पाहा. भरीव दगड खणखणीत बोलतो आणि आतून सुटलेला पापुद्रा भद्द वाजतो. भद्द वाजणाऱ्या भागाला ब्रशसुद्धा लावायचा नाही, आधी त्याला आधार द्यायचा.

संगमरवराची गोष्ट याहून निराळी. संगमरवर, शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुन्याच्या कुळातले दगड. आम्ल हा त्यांचा शत्रू. आमच्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली की सकाळी तेथे फिकट डाग दिसतो. तो डाग नसतोच, तेवढा दगड आम्लाने खाल्लेला असतो. घासून तो जात नाही, पुन्हा पॉलिश करावे लागते. न्हाणीघरातले ॲसिड शहाबादीवर ओतले की फेस येतो आणि घरच्यांना वाटते मळ निघाला. निघतो तो दगड! घरच्या देव्हाऱ्यात संगमरवरी मूर्ती असेल तर हेच लक्षात ठेवावे. पंचामृतातले दही आंबट असते. पूजा झाल्यावर मूर्तीवर भरपूर स्वच्छ पाणी घालून ती मऊ सुती वस्त्राने टिपून घ्यावी. चिंच, लिंबू, राख ही पितळेच्या भांड्यांची सामग्री आहे, दगडाच्या देवाची नव्हे.

हाच विचार मोठ्या देवस्थानांनाही करावा लागला आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूळ मूर्तीची झीज लक्षात घेऊन तिच्यावरील अभिषेक थांबवावे लागले, आणि २०१५ साली पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी मूर्तीवर संवर्धनाची प्रक्रिया केली. उज्जैनच्या महाकाळेश्वराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ साली तेथे दर भक्तामागे अर्धा लिटर शुद्ध केलेल्या पाण्याची मर्यादा आली आणि २०२० साली भाविकांनी शिवलिंग घासू नये असा स्पष्ट आदेश झाला. काही भाविकांना हे रुचले नाही, हे मी समजू शकतो. पण पिंडीवर साखर किंवा भस्म चोळणारे हजारो हात रोज फिरले तर ते पॉलिश कागदासारखेच काम करतात. त्यात भक्तीचा दोष नाही, संख्येचा आहे.

आता दुसरा प्रश्न, दगडावर बसले आहे ते काय? आपल्या देवळांवर साधारणपणे धूळ, काजळी, तेल-तुपाचा राप, शेवाळ, दगडफूल, कबुतरांची व वटवाघळांची घाण, शेंदूर, चुना आणि तैलरंग सापडतो. अलीकडे त्यात सिमेंटची भर पडली आहे. प्रत्येकाचा उपाय वेगळा. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल याच कुळातले. भिंतीवर त्याचे राखाडी-पांढरे गोल ठिपके दिसतात. ते दगडाला नुसते चिकटत नाही. त्याचे तंतू दगडाच्या रंध्रांत शिरतात आणि त्यातून आम्ल स्रवते. कोरडे असताना खरवडले तर दगडाचा कणही त्याच्याबरोबर येतो. म्हणून आधी ते भिजवायचे, फुगू द्यायचे आणि मग बांबूच्या काडीने अलगद उचलायचे. शेवाळासाठी दोन-तीन टक्के अमोनियाचे पाणी, त्यात थोडा उदासीन साबण आणि मऊ नायलॉनचा ब्रश; ही पुरातत्त्व विभागाची जुनी, साधी रीत आहे. मग धुणे, पुन्हा धुणे, साबणाचा अंशही राहता कामा नये. एक गोष्ट नवीन कामगारांना मी नेहमी सांगतो : वरचा भाग धुण्यापूर्वी खालची भिंत साध्या पाण्याने भिजवून ठेवा. नाहीतर वरचे घाण पाणी कोरड्या दगडात मुरते आणि त्याचे ओघळ कायमचे राहतात.

तेलाच्या रापावर, जुन्या डागांवर पोटीस बांधतात. लहानपणी गळवावर आजी बांधायची तेच. मुलतानी माती किंवा कागदाचा लगदा भिजवून लेप द्यायचा, तो हळूहळू वाळू द्यायचा. वाळताना तो आतला मळ आणि खार आपल्याकडे ओढून घेतो. आग्र्याच्या ताजमहालाचा पिवळा पडलेला संगमरवर १९९४, २००१, २००८ अशा वेळी पुरातत्त्व विभागाने याच पद्धतीने उजळला. मातीचा पातळ लेप, वर प्लॅस्टिकचे आच्छादन आणि नंतर शुद्ध पाण्याने धुणे. मुखलेपाची कल्पना आपल्या घराघरांतली. मोठ्या वास्तूला तीच उपयोगी पडली.

शेंदराचा विषय नाजूक आहे. शेंदूर म्हणजे शिशाचे एक संयुग. ते तेलात कालवून वर्षानुवर्षे लावले जाते. त्याचे थर चढत जातात आणि मूळ मूर्ती आत हरवते. कधीकधी ते कवच आपोआप गळून पडते, त्याला आपण देवाने खोळ टाकली असे म्हणतो. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगी गडावर देवीच्या मूर्तीवरील शेकडो किलो शेंदूर विधिपूर्वक काढण्यात आला आणि भगवतीचे मूळ स्वरूप भाविकांसमोर आले. पुष्कळांनी मला विचारले, “हे पाप नाही का?” आपल्या शास्त्रकारांनी जीर्णोद्धाराचा विचार पूर्वीच करून ठेवला आहे. अग्निपुराणात त्यावर प्रकरण आहे. काम सुरू करण्यापूर्वी देवत्वाचे कलशात आवाहन करावे आणि काम पूर्ण झाल्यावर पुनःप्रतिष्ठा करावी, ही परंपरा आहे. माझा आग्रह एवढाच की गुरुजी आणि तंत्रज्ञ यांनी आधी एकत्र बसावे. मुहूर्त ठरवून मग तंत्रज्ञाला घाई करायची, हे उलटे आहे. शिवाय शेंदराची धूळ विषारी असते. ती कोरडी खरवडणाऱ्या पोराच्या तोंडाला साधा रुमालही नसतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

तैलरंगाचे काय वाईट? वेरूळच्या कैलास लेण्याला जुने लोक रंगमहाल म्हणत. त्या आठव्या शतकातील शिल्पावर पांढरा गिलावा होता, त्यावर रंग होते, त्याचे अवशेष आजही दिसतात. तेव्हा ‘देवळाला रंग नसावाच’ असे मी म्हणत नाही. पण तो गिलावा चुन्याचा होता. त्यातून दगडाला श्वास घेता येई. तैलरंग म्हणजे दगडाला गुंडाळलेले प्लॅस्टिक. पावसाळ्यात पाया आणि छपरातून पाणी दगडात शिरतेच. ते बाहेर पडायला वाट मिळाली नाही की पाण्यातला खार रंगाच्या मागे साचतो, स्फटिक फुगतात आणि रंगासकट दगडाचा पापुद्रा सुटतो. रंग गेला म्हणून आपण पुन्हा रंग देतो. अशा रीतीने दर दहा वर्षांनी अप्सरेचे नाक थोडे थोडे कमी होत जाते.

रंग काढायचा तर विरघळवून काढायचा, खरवडून नव्हे. रंग मऊ करणारी रसायने आता पूर्वीपेक्षा सौम्य मिळतात. ती लावून वर कागद झाकायचा, काही तास वाट पाहायची, लाकडी पातीने रंग उचलायचा, कोपऱ्यात बांबूची काडी, शेवटी पाणी. एक कुशल माणूस दिवसाकाठी कोरीव भागाचे फार थोडे काम करतो. हे महाग पडते, ते मी लपवत नाही.

मग वाळूचा मारा का नको? वाळू रंग आणि दगड यांत भेद करीत नाही. वेगाने येणारा कण प्रथम रंग फोडतो आणि मग टाकीचे घाव, दागिन्यांच्या कडा, नखे, पापण्या घेऊन जातो. शिल्पकाराने शेवटचा हात फिरवून जो पृष्ठभाग गुळगुळीत केला होता तो खरखरीत होतो, रंध्रे उघडी पडतात. पहिल्या वर्षी देऊळ नवे दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात त्या खरखरीत दगडावर पूर्वीपेक्षा लवकर शेवाळ धरते. तामिळनाडूतील कितीतरी मंदिरांचा हा अनुभव आहे, तेथे पुढे या प्रकाराला बंदी घालावी लागली. आणि वाळूची ती बारीक धूळ कामगाराच्या फुफ्फुसात जाते. तिच्यामुळे जडणारा सिलिकोसिस बरा होत नाही. दरपत्रकात या दोन गोष्टींचा दर लिहिलेला नसतो. चिटणीस महाशय, हे आपल्यावर टीका म्हणून बोलत नाही. मीही एकेकाळी हाच घाईचा मार्ग धरला होता.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : काढायलाच हवे का? पुरीच्या जगन्नाथ मंदिरावर चुन्याच्या गिलाव्याचे थरावर थर होते. १९७५ पासून पुरातत्त्व विभागाने ते काढायला घेतले, काम दोन दशके चालले आणि खालून विलक्षण शिल्पे प्रकट झाली. पण समुद्राची खारी हवा आता थेट त्या दगडाला भिडते आणि त्याची देखभाल संपत नाही. अजिंठ्याचे उदाहरण दगडाचे नाही, चित्रांचे आहे, तरी सांगतो. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन नामांकित तज्ज्ञ आणले. त्यांनी पोपडे पक्के बसवले, ते काम चांगले झाले. पण रंग उठून दिसावेत म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचे वार्निश दिले. काही वर्षांत ते पिवळे, मग तपकिरी झाले आणि चित्रे झाकोळली. आपल्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षे ती लाख इंच-इंच उतरवावी लागली. त्या इटालियनांचा हेतू वाईट नव्हता, विद्याही कमी नव्हती. म्हणून आमच्या व्यवसायात नियम आहे की जे लावाल ते उद्या काढता आले पाहिजे.

वज्रलेपाबद्दलही प्रश्न येतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कवठ, बेल, गुग्गुळ, बिब्बा, जवस, निरनिराळ्या झाडांच्या साली आणि डिंक यांचा आटवलेला काढा त्यात सांगितला आहे. आज बाजारात ‘वज्रलेप’ या नावाने जे विकले जाते ते पुष्कळदा नुसते इपॉक्सी असते. नाव जुने आहे म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या. लिहिलेले नसेल तर लावू नका.

सिमेंटविषयी दोनच वाक्ये. आपली बरीच हेमाडपंती देवळे चुन्याशिवाय, दगडात दगड गुंतवून उभी आहेत. त्यांच्या सांध्यात सिमेंट ओतले की दगडाची हालचाल आणि पाण्याची वाट दोन्ही बंद होते, आणि सिमेंटमधला खार दगडात उतरतो. दरजा भरायच्याच असतील तर भिजवून मुरवलेला चुना वापरा, कारण सांधा झिजलेला चालतो, चिरा झिजलेला चालत नाही.

पंढरपूरचे काम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. २०२४ साली मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवून गाभारा आणि मंडपांतील नंतरच्या काळातल्या फरशा, ग्रॅनाइट काढण्यात आले आणि जुना दगड मोकळा झाला. विठ्ठलाच्या वारकऱ्यांनी अडीच महिने लांबून दर्शन घेतले. एवढ्या मोठ्या देवस्थानाला थांबता येते, तर आपल्या गावच्या शिवालयाला एक महाशिवरात्र रंगासकट साजरी करता येणार नाही का?

व्यवहाराचे थोडे बोलतो. आपले देऊळ केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित असेल तर परवानगीशिवाय ब्रशही लावायचा नाही. संरक्षित नसेल तर जबाबदारी तुमचीच, आणि ती अधिक मोठी. आधी प्रत्येक खांबाचे, प्रत्येक तुळईचे छायाचित्र घ्या. चुन्याखाली अक्षर किंवा रंगाचा ठिपका दिसला की काम थांबवा आणि जाणकाराला बोलवा. मग मागच्या बाजूला, दर्शनी नसलेल्या जागी, तळहाताएवढ्या भागावर प्रयोग करा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पहिला खर्च छपरावर करा. गळके शिखर तसेच ठेवून भिंत धुणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. शिखरावरचा पिंपळ उपटू नका. मूळ चिऱ्यांत शिरलेले असते, ओढले तर चिराच येतो. खोड कापून मूळ मारावे लागते.

उद्या सकाळी सात वाजता मागच्या अंगणात प्रत्यक्ष काम आहे. तेथे मी तैलरंग लावलेले काळ्या पाषाणाचे चार जुने तुकडे मांडले आहेत, शेतातून गोळा केलेले, कोणत्याही देवळाचे नव्हेत. एकावर तारेचा ब्रश, एकावर ॲसिड, एकावर वाळू आणि एकावर लेप असे चौघांनी करायचे. नंतर सगळ्यांनी डोळे मिटून त्यांच्यावरून तळहात फिरवायचा. चिटणीस महाशयांचा कागद तोपर्यंत माझ्याच खिशात राहील. येताना प्रत्येकाने घरातला एक जुना, मऊ झालेला टूथब्रश आणावा.